“शून्य फायदा” लिहिलेलं पोस्टर: नवी मुंबईतल्या एका कॉलेजातलं प्रकरण

कॉलेजचं नाव देत नाहीये, माणसांची नावंही नाहीत, आणि कोणी ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत. बाकी जे घडलं ते तसंच लिहिलंय. विषय वादाचा आहे आणि प्राणी-संशोधनावर वर्गात किंवा बाहेर बोलायचं असेल तर यातले काही निर्णय कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून लिहितेय.

पार्श्वभूमी

हार्बर लाईनवरच्या एका स्टेशनपासून चालत जाता येईल असं सायन्स कॉलेज. मी तिथे व्हिजिटिंग लेक्चरर. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांतली आठवी-नववीची मुलं रांगेने येतात, पालक येतात, टीवायच्या, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाच्या, पोरांना त्याचे मार्क असतात. त्या वर्षी झूलॉजीच्या एका ग्रुपने विषय घेतला, संशोधनात चिंपांझींचा वापर: इतिहास आणि नैतिकता. मी त्यांची गाईड होते.

विषय निघाला तो हॅमच्या फोटोवरून. हॅम म्हणजे ३१ जानेवारी १९६१ ला अमेरिकेने रॉकेटमधून वर पाठवलेला चिंपांझी, अ‍ॅलन शेपर्ड हा पहिला अमेरिकन अंतराळवीर गेला त्याच्या तीनेक महिने आधी. कॅमेरूनमध्ये पकडलेलं पिल्लू, न्यू मेक्सिकोतल्या होलोमन हवाई तळावर आणून त्याला लिव्हर दाबायला शिकवलं, बरोबर दाबलं तर केळ्याच्या गोळ्या आणि चुकलं तर पायाला विजेचा झटका. तेव्हा त्याचा नंबर होता ६५, हॅम हे नाव जिवंत परत आल्यावर मिळालं. त्याचा पट्ट्यांनी बांधलेला, दात दाखवणारा फोटो खूप ठिकाणी “हसतोय” असं लिहून फिरतो, आणि आमच्या ग्रुपच्या पहिल्या कच्च्या पोस्टरवर पण तेच होतं, आनंदी अंतराळवीर. चिंपांझी असे वरचे-खालचे सगळे दात बाहेर काढतो ते बहुतेक वेळा भीतीने. खेळताना त्याचं तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात ओठाखाली झाकलेले असतात. हे एकदा कळलं की तो फोटो परत पहिल्यासारखा बघता येत नाही, आणि ग्रुपमधली दोन मुलं, जी रोज रात्री सेक्टरमधल्या कुत्र्यांना खायला घालतात, ती त्या दिवसापासून या विषयाने पेटलीच.

मग ती वाचतच गेली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला इनॉस नावाचा चिंपांझी पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आला, त्याच्या यंत्रात बिघाड झाला म्हणून बरोबर उत्तर दिलं तरी झटके बसत होते आणि तरी तो शिकवल्याप्रमाणे बरोबरच लिव्हर दाबत राहिला. वर्षाच्या आत तो हगवणीने मेला. हॅम नंतर वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात १७ वर्षं राहिला, एकटा, जो प्राणी रानात डझनावारी नातेवाइकांच्या गोतावळ्यात राहतो तो. १९८० मध्ये त्याला नॉर्थ कॅरोलायनात इतर चिंपांझींसोबत हलवलं आणि १९८३ मध्ये तो गेला. हवाई दलाला चिंपांझींची गरज संपल्यावर उरलेले आणि त्यांची पिल्लं औषधांच्या लॅबकडे गेली. तिथे त्यांच्यावर आधी काविळीचे प्रयोग झाले, मग एड्सचे.

अडचण कुठे आली

प्रदर्शनाच्या आधी आम्ही ट्रायल घेतली, प्रत्येकाने आपापलं पोस्टर लावून दोन मिनिटं बोलायचं. शेवटच्या पोस्टरवर लाल अक्षरात मोठं वाक्य होतं, “चिंपांझींवरचे प्रयोग: शून्य फायदा, फक्त क्रूरता.” ते मांडायचं काम ग्रुपमधल्या एका मुलीकडे होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, हे मी नाही बोलणार.”

मला वाटलं स्टेजची भीती असेल. तसं नव्हतं. तिने बाहेर कॉरिडॉरमध्ये सांगितलं की तिचे बाबा बरीच वर्षं डायलिसिसवर आहेत, मधे त्यांना हेपेटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारी विषाणूची कावीळ, झाला होता, त्यांचं मशीन वेगळं केलं होतं, घरात सगळे घाबरले होते, आणि मग बारा आठवडे गोळ्या घेऊन तो आजार पूर्ण गेला. गोळ्या सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाल्या. तिने त्या विषाणूबद्दल वाचलं तेव्हा दर दुसऱ्या परिच्छेदात चिंपांझी होते. “शून्य कसं म्हणू मी? माझ्या घरात आहे तो फायदा.”

ग्रुप फुटला. कुत्र्यांना खायला घालणारा मुलगा म्हणाला की फायदा झाला हे मान्य केलं की लोक लगेच म्हणतील मग चालू ठेवा, म्हणून ते बोलायचंच नाही. दुसरा म्हणाला की मग आपण खोटं बोलतोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर मेसेज आणि सकाळी अर्धी पोरं एकमेकांशी बोलत नव्हती. त्यात एचओडी सरांचं म्हणणं असं की आपल्याकडे चिंपांझी आहेत कुठे, हा अमेरिकेचा विषय, शाळेची पोरं येणार, पालक येणार, तुम्ही ठाणे खाडीचे फ्लेमिंगो घ्या ना, सुंदर विषय आहे आणि लोकांना जवळचा आहे. फ्लेमिंगो मलाही आवडतात, पण वाद झाला म्हणून विषय सोडायचा हे पटत नव्हतं.

आधी ती साखळी नीट बघितली

पर्यायांवर बोलण्याआधी मी ग्रुपला एकच काम दिलं. तिच्या बाबांचं नाव न घेता हेपेटायटिस सीच्या गोळीपासून मागे मागे जा आणि कुठल्या पायरीवर चिंपांझी होते, कुठे नव्हते, ते शोधा. प्रकरणाची दिशा बदलली ती इथे, म्हणून यावर जरा जास्त लिहितेय.

१९७० च्या दशकात रक्त चढवलेल्या बऱ्याच लोकांना कावीळ होत होती आणि ती हेपेटायटिस ए पण नाही, बी पण नाही अशी होती; हीच पुढे सी ठरली. हार्वे आल्टर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की अशा रुग्णांच्या रक्तातून हा आजार चिंपांझींना होतो, म्हणजे हे संसर्गाचंच काहीतरी आहे. माणूस सोडला तर हा विषाणू सहज धरणारा प्राणी चिंपांझीच, उंदीर चालत नव्हता, साधं माकड चालत नव्हतं. १९८९ मध्ये मायकेल हॉटन यांच्या टीमने विषाणूचा जनुकीय तुकडा पकडला, तो सापडला संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवात. मग रक्ताची तपासणी आली, अमेरिकेत १९९० मध्ये, आणि रक्तातून होणारी ही कावीळ झपाट्याने कमी झाली. १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांनी लॅबमध्ये बनवलेला विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, चिंपांझींच्या यकृतात सोडून सिद्ध केलं की हा एकटा विषाणू आजार घडवायला पुरेसा आहे. या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं.

इथपर्यंत ती मुलगी बरोबर होती. पण पुढची पायरी बघितली तेव्हा दुसऱ्या बाजूचं पण काही खरं निघालं. १९९९ मध्ये जर्मनीत माणसाच्या यकृताच्या कॅन्सर-पेशींमध्ये या विषाणूचा स्वतःची कॉपी काढणारा भाग वाढवता आला, २००५ मध्ये एका जपानी रुग्णाकडून मिळालेल्या प्रकारामुळे पूर्ण विषाणूच डिशमध्ये वाढायला लागला. हजारो रसायनं गाळून त्यातून औषध निवडायचं काम या पेशींवर झालं, ते चिंपांझींवर होणं शक्यच नव्हतं, तेवढे चिंपांझी जगात कुठे आहेत. सोफोसबुविर या हेपेटायटिस सीवरच्या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, २०१५ पासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि जुलै २०१८ मध्ये आपला राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस कार्यक्रम सुरू झाला तेव्हा उपचार फुकट झाला.

म्हणजे विषाणू ओळखण्यात चिंपांझींचं रक्त आणि यकृत आहे, आणि गोळी शोधण्यात मुख्यतः पेशी आहेत. तिच्या बाबांच्या बरं होण्यात दोन्ही आहेत. दोन्ही बाजूच्या मुलांनी हे स्वतः शोधून काढलं म्हणून दोघांनाही ते मान्य करावं लागलं. मी लेक्चर देऊन सांगितलं असतं तर कोणीच मानलं नसतं असं मला वाटतं.

एड्सची गोष्ट याच्या उलट. १९८६ मध्ये एनआयएचने, म्हणजे अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, एड्स संशोधनासाठी चिंपांझींची पैदास सुरू केली. शंभराहून जास्त चिंपांझींना एचआयव्ही दिला गेला, संसर्ग झाला, पण आजारी पडले अगदी मोजके. काही लसींनी चिंपांझींना संरक्षण दिलं पण त्याच धर्तीची लस माणसांवरच्या मोठ्या चाचणीत २००३ मध्ये फेल गेली. पैदास केलेली जनावरं मात्र उरली, पन्नास-पन्नास वर्षं जगणारी. १९९५ मध्ये एनआयएचलाच पैदास थांबवावी लागली. इथे “शून्य” या शब्दाच्या जवळपास जाता येतं, आणि हे पण पोस्टरवर यायलाच हवं होतं.

कोणते पर्याय समोर होते

विषय सोडून फ्लेमिंगो घेणं हा पहिला. तो आम्ही सोडला, आणि एचओडी सरांच्या “आपला काय संबंध” या प्रश्नाचं उत्तर ठाण्याहून येणाऱ्या एका मुलाने आणलं. भारतातून कित्येक वर्षं लाखोंनी ऱ्हीसस माकडं परदेशी लॅबमध्ये जायची, पोलिओची लस बनवायला त्यांची मूत्रपिंडं लागायची. ती माकडं किरणोत्सर्गाच्या लष्करी प्रयोगांत मारली जातायत हे बाहेर आल्यावर मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ मध्ये निर्यात बंद केली. आपण या इतिहासात बघे नव्हतो, पुरवठादार होतो. सर त्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ठीक आहे, पण रक्ताचे फोटो नकोत. ही अट मला योग्यच वाटली.

पोस्टर आहे तसंच ठेवायचं हा दुसरा पर्याय. साखळी बघितल्यावर कोणी त्याच्या बाजूने उरलं नाही.

बाजूने-विरुद्ध असा वादविवाद ठेवायचा आणि मुलांचे हात वर करून घ्यायचे, हा तिसरा, आणि सगळ्यात सोपा. मला तो नको होता, कारण त्यात “चिंपांझींवर प्रयोग हवे का नको” असा एकच मोठा गोल प्रश्न राहतो आणि माणूस घरून जे मत घेऊन आला तेच घेऊन परत जातो. खऱ्या आयुष्यात निर्णय असे होत नाहीत. कोणीतरी एक कागद घेऊन येतं, हा प्रयोग, एवढी जनावरं, या कामासाठी, आणि त्या कागदावर हो किंवा नाही म्हणायचं असतं.

म्हणून चौथा पर्याय, अभिरूप समिती. दोन प्रस्ताव, एक एड्सचा १९८६ चा, एक हेपेटायटिस सीच्या लसीचा २०११ चा. प्रेक्षकांसमोर समिती बसणार, प्रस्ताव वाचणार, प्रश्न विचारणार, निर्णय आणि त्याची कारणं लिहून भिंतीवर लावणार. पोस्टर राहतील पण ती समितीला लागणारी माहिती म्हणून.

यात एक नाजूक निर्णय होता. ग्रुपमधल्या दोघा-तिघांना वाटत होतं की मुलीच्या बाबांची गोष्ट पोस्टरवर टाकावी, नाव न देता, लोकांना एकदम भिडेल. मी तिला एकटीला विचारलं, सगळ्यांसमोर नाही. ती नको म्हणाली. बाबा ज्या सेंटरला जातात तिथले लोक इथलेच आहेत, हेपेटायटिस सी म्हटलं की लोक अजून लांब बसतात, आणि नाव नसलं तरी ओळखणारे ओळखतात. विषय तिथेच संपवला. तिने दिलेला नकार पुरेसा होता, त्यामागचं कारण विचारायचीही गरज नव्हती.

काय केलं

समितीसाठी एक निवृत्त गृहस्थ मिळाले, रबाळे-महापे पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत बरीच वर्षं होते आणि तिथल्या प्राणी नैतिकता समितीवर बसलेले. त्यांनी आधी आमची समितीच दुरुस्त केली. आम्ही सगळे झूलॉजीवाले बसवले होते. आपल्याकडच्या १९९८ च्या नियमांप्रमाणे अशा समितीत पशुवैद्य लागतो, वेगवेगळ्या विषयांतले शास्त्रज्ञ लागतात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारच्या केंद्रीय समितीने नेमलेला विज्ञानाबाहेरचा, समाजाची जाण असलेला माणूस पण लागतो. माकडासारख्या मोठ्या प्राण्याचा प्रस्ताव संस्थेच्या पातळीवर संपत नाही, केंद्रीय समितीकडे जातो. मग आम्ही मराठी विभागातली एक मुलगी घेतली, एका विद्यार्थ्याची आई घेतली ज्या बालवाडीत शिकवतात, केमिस्ट्रीचा एक मुलगा घेतला. पशुवैद्य शेवटपर्यंत मिळाला नाही.

निकष आम्ही बनवले नाहीत, खरे वापरले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने सांगितलं की चिंपांझींवरचं बहुतेक चालू जैववैद्यकीय संशोधन गरजेचं नाही, आणि पुढे कुठलाही प्रयोग करायचा तर तीन गोष्टी पाहिजेत. दुसरा कुठलाही मार्ग नसावा, ते काम माणसांवर नैतिकरीत्या करता येत नसावं, आणि ते न केल्यास जीवघेण्या किंवा फार त्रासदायक आजारांवरची प्रगती बरीच अडेल असं असावं. शिवाय जनावरं त्यांच्या स्वभावाला धरून, गटात ठेवलेली असावीत. ही परीक्षा आठवीच्या मुलालाही समजते आणि तरी तिच्यासमोर मोठमोठे प्रस्ताव टिकत नाहीत.

पहिला प्रस्ताव एड्सचा. समितीने दोन मिनिटांत एकमताने नामंजूर केला, चिंपांझींना एड्स होत नाही, संपलं. त्या निवृत्त सरांनी थांबवलं. म्हणाले, “हे तुम्हाला आज माहितीये. १९८६ मध्ये बसा आणि मग ठरवा.” तेव्हा एकही औषध बाजारात नव्हतं, पहिलं औषध १९८७ मध्ये आलं. तरुण माणसं मरत होती. चिंपांझींना संसर्ग होतो एवढं दिसलं होतं, ते आजारी पडणार नाहीत हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढचं सगळं झाकून परत चर्चा करा.

त्या दिवसातला सगळ्यात चांगला तास तो. मघाशी ठाम नाही म्हणणारी मुलं अडखळायला लागली. केमिस्ट्रीचा मुलगा म्हणाला थोड्या जनावरांवर परवानगी देऊ. कुत्र्यांना खायला घालणारा मुलगा म्हणाला, माहिती नसणं हे पण एक उत्तर आहे, माहिती नाही तर आधी थोडं बघा, शेकड्याने जन्माला का घालता. आणि बालवाडीच्या बाईंनी विचारलं जे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं: “पिल्लं जन्माला घालणार म्हणताय, ती पन्नास वर्षं जगतात म्हणताय, मग प्रयोग पाच वर्षांत संपला तर उरलेली पंचेचाळीस वर्षं त्यांचं कोण करणार? कागदावर ते कुठे आहे?” कागदावर ते नव्हतं. समितीने प्रस्ताव दोन भागांत तोडला, आहेत त्यातल्या थोड्या जनावरांवर काटेकोर देखरेखीत अभ्यास बहुमताने मंजूर, पैदास एकमताने नामंजूर.

माझ्या मते त्यांनी खऱ्या लोकांपेक्षा चांगला निर्णय घेतला, आणि पुढे काय होणार हे झाकून घेतला. त्यासाठी भविष्य माहीत असायची गरजच नव्हती, फक्त तो पंचेचाळीस वर्षांचा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता.

दुसरा प्रस्ताव लसीचा, हेपेटायटिस सी होऊच नये म्हणून द्यायची लस. इथे २०११ ची खरी समिती सुद्धा बरोबर अर्धी-अर्धी फुटली होती, एकमत झालंच नाही. एक बाजू म्हणाली पेशींच्या डिशमध्ये विषाणू वाढतो पण शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी कशी लढते ते डिशमध्ये दिसत नाही. दुसरी बाजू म्हणाली सुरक्षितता दुसऱ्या प्राण्यांत बघून मग माहिती देऊन, संमती घेऊन माणसांवर चाचणी करता येते, म्हणजे मार्ग आहे. संमतीवर बराच वेळ गेला. मराठी विभागातल्या मुलीने मुद्दा काढला की माणूस “नको, थांबवा” म्हणू शकतो, चिंपांझी पण म्हणतो, हात मागे घेतो, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जातो, फक्त तिथे ते ऐकण्याची कोणावर सक्ती नाही.

बहुमताने नामंजूर झाला. आमची ती मुलगी पण समितीत होती, तिने बाजूने मत दिलं, आणि मताखाली अट लिहिली: आधी या जनावरांच्या आयुष्यभराच्या सांभाळाचे पैसे बाजूला काढा, मग हात लावा. त्यावर निवृत्त सर म्हणाले ही अट आपल्याकडे कागदावर आहेच. जगात तीन तत्त्वं सांगतात, पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली. आपल्याकडच्या केंद्रीय समितीने त्याला चौथं जोडलं, पुनर्वसन, आणि त्याचा खर्च संशोधनाच्याच खर्चात धरायचा. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि ते मी तिथे बोलले पण. अंमल किती होतो हा प्रश्न वेगळा आणि तो विचारायलाच हवा.

मत झाल्यावर पुढचं सांगितलं. ज्या लसीचे चिंपांझींमधले निकाल २००६ मध्ये आशादायक होते, त्याच पद्धतीची लस माणसांवरच्या चाचणीत जुनाट संसर्ग रोखू शकली नाही. आजही हेपेटायटिस सीची लस नाही. कोणी जिंकल्यासारखं वागलं नाही, त्याबद्दल पोरांचं कौतुक वाटलं.

नंतर त्यांचं काय झालं

प्रदर्शनाची शेवटची भिंत सांभाळाची होती. अमेरिकेत २००० मध्ये कायदा झाला, निवृत्त चिंपांझींसाठी आश्रम, चालवायच्या खर्चातला तीन चतुर्थांश सरकारचा. २००५ मध्ये लुइझियानात चिंप हेवन सुरू झालं. २०१३ मध्ये एनआयएचने बहुतेक चिंपांझी निवृत्त करायचं ठरवलं, ५० राखीव ठेवले, आणि २०१५ मध्ये तिचे तेव्हाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स यांनी तो राखीव गट पण रद्द केला.

लायबेरियातली गोष्ट पोरांना सगळ्यात जास्त लागली. न्यूयॉर्क ब्लड सेंटरने १९७४ पासून तिथे काविळीचं संशोधन केलं, नंतर चिंपांझी नदीतल्या बेटांवर ठेवले, जिथे त्यांना पुरेसं खायला नाही आणि प्यायला गोडं पाणी नाही, रोज होडीने न्यावं लागतं. २०१५ मध्ये संस्थेने पैसे थांबवले. साठहून जास्त जनावरं होती. तिथल्या स्थानिक कामगारांनी पगाराची खात्री नसताना खाणं पोचवणं चालू ठेवलं, मग जगभरातून मदत आली आणि २०१७ मध्ये संस्थेने ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

आणि न्यू मेक्सिकोतलं अलामोगोर्डो. होलोमन तळाच्याच आवारात म्हातारे, आजारी चिंपांझी उरले होते, २०१९ मध्ये ४४. एनआयएच म्हणाली हे इतके थकलेत की प्रवासातच मरतील, इथेच राहू दे. प्राणी संघटना कोर्टात गेल्या, २०२२ मध्ये कोर्ट म्हणालं कायदा आश्रमात हलवा असं सांगतो. ग्रुपमध्ये यावर सरळ दोन तट पडले. आयुष्यभर लॅबमध्ये राहिलेल्याला शेवटची दोन वर्षं तरी झाडाखाली मिळावीत, की ज्या सोबत्यांची आणि सांभाळणाऱ्यांची सवय आहे त्यांच्यात राहू द्यावं? इथे निकष हाताशी नव्हते. शेवटी दोन्ही बाजूंचे कागद शेजारी शेजारी लावले आणि खाली काही लिहिलं नाही.

निकाल

ते लाल वाक्य बदललं. नवीन वाक्यावर तीन दिवस भांडण चाललं आणि शेवटी असं ठरलं: “काही प्रयोगांमुळे माणसं वाचली. काही प्रयोग पूर्ण वाया गेले. दोन्हींत चिंपांझींना विचारलं नव्हतं.” ते त्या मुलीनेच मांडलं, साखळीच्या पोस्टरसमोर उभी राहून, बाबांचा उल्लेख न करता. कुत्र्यांना खायला घालणारा मुलगा शेजारच्या एड्सच्या पोस्टरवर होता. त्याने नंतर मला सांगितलं की फायदा मान्य केल्यावर लोक “मग चालू ठेवा” म्हणतील ही त्याची भीती खरी ठरली नाही, उलट लोकांनी पुढचे प्रश्न विचारले. सगळ्यांनी नाही, एक पालक बराच वेळ म्हणत होते की माणूस महत्त्वाचा, बाकी सोडा. त्यांना समितीच्या निर्णयाचा कागद वाचायला दिला, ते वाचून गेले, मत बदललं असेल असं काही नाही.

एचओडी सर दुसऱ्या दिवशी म्हणाले की अभिरूप समिती टीवायच्या प्रॅक्टिकलला जोडू. जोडली.

काय वेगळं करता येईल

पशुवैद्य पाहिजेच, आणि शोधाशोध महिनाभर आधी सुरू करायला हवी. वेदना, भूल, एकटं ठेवल्यावर जनावर कसं वागतं यावर समिती अंदाजाने बोलत राहिली आणि नेमका निर्णय त्यावरच अवलंबून होता. डायलिसिस युनिटमध्ये काम केलेलं कोणी आणलं असतं तर रुग्णाच्या बाजूने बोलायचं ओझं त्या एका मुलीवर पडलं नसतं. तिने ते निभावलं, पण वीस वर्षांच्या मुलीला वर्गात स्वतःचं घर पणाला लावून खरं बोलावं लागू नये.

“आज काय माहीत आहे ते झाका” हा नियम पहिल्या मिनिटापासून हवा. आमच्याकडे तो वेळेवर बोलणारा माणूस होता म्हणून जमलं. कोणी हे करणार असाल तर प्रस्तावाच्या कागदावरच वर्ष मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यानंतरची माहिती बंद पाकिटात ठेवा.

शेवटची गोष्ट भिंतींच्या क्रमाची. आम्ही हॅमपासून सुरू करून सांभाळावर संपवलं, कारण इतिहास तसा घडला. पण शाळेतली मुलं पहिल्याच भिंतीपाशी, हॅमच्या फोटोसमोर, एकच विचारत होती, मग आता ते कुठे आहेत? त्यांना “पुढे बघा” सांगावं लागायचं आणि गर्दीत बरीचशी मुलं त्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलीच नाहीत, बस सुटायची वेळ झाली. यंदाच्या ग्रुपला मी सांगितलंय की सांभाळाची भिंत दारात लावा आणि रॉकेट मागे न्या. त्यांना ते अजून पटलेलं नाही, त्यांचं म्हणणं रॉकेट नसेल तर कोणी आत येणारच नाही. पुढच्या आठवड्यात बसून ठरवणार आहोत.